मोटारसायकलची बॅटरी वर्षभरातच उतरत असेल, तर नवी घेण्याआधी

जुलै २०२१ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातील आमच्या गल्लीत पाणी शिरले, तेव्हा माझी १५० सीसीची कार्बुरेटरवाली मोटारसायकल दोन दिवस इंजिनापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर गाडी धुऊन घेतली, ऑइल आणि एअर फिल्टर बदलला, पाण्यात गेलेली बॅटरी काढून नवी बसवली. ती नवी बॅटरी चौदा महिने टिकली. तिच्या जागी आणलेली दुसरी आठच महिन्यांत गेली. नीट चार्ज होत राहिलेली बॅटरी अशा गाडीवर साधारण तीन-चार वर्षे चालते, त्यामुळे दोन वर्षांत दोन बॅटऱ्या निकामी होणे हा योगायोग मानता येत नव्हता. तरीही मी तिसरी बॅटरी विकत घ्यायला निघालोच होतो. ती घेण्याआधी मिरजेतील एका जुन्या वायरिंग मिस्त्रींना गाडी दाखवली, म्हणून पुढचा खर्च वाचला. त्यांनी मीटर लावून पाहिला आणि एवढेच म्हणाले, "सर, बॅटरी बदलून काय उपयोग? तिला जेवायलाच मिळंना."

सांगली-मिरज परिसरात पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाड्या अजूनही पुष्कळ आहेत आणि ही तक्रार त्यांच्यापुरतीच मर्यादितही नाही. म्हणून त्या दिवशी मिस्त्रींनी केलेली आणि नंतर मी स्वतः अनेकदा करून पाहिलेली तपासणी येथे क्रमाने लिहीत आहे. बॅटरी कशी निवडावी हा प्रश्न या तपासणीनंतरचा आहे, कारण जुनी बॅटरी कशामुळे गेली हे कळल्याशिवाय घेतलेली नवी बॅटरी, कितीही चांगली असली तरी, त्याच कारणाने जाते.

आधी मीटर लावा

लागणारे साधन एकच आहे, ते म्हणजे काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर. गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर, सकाळी चावी न लावता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर डीसी व्होल्टेज मोजावे. गाडी नुकतीच चालवून आल्यावर मोजले तर आकडा फसवा येतो, कारण चार्जिंगमुळे वर चढलेले व्होल्टेज खाली बसायला काही तास लागतात. बारा व्होल्टच्या शिसे-ॲसिड बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. चार्जरवर रात्रभर ठेवूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकून राहिला, तर एक सेल मेलेला असतो आणि त्या बॅटरीसाठी आणखी काही करण्यासारखे उरत नाही.

यानंतर मीटर तसाच लावून ठेवून सेल्फ मारावा आणि त्या दोन-तीन सेकंदांत आकडा कुठपर्यंत उतरतो ते पाहावे. चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज सेल्फच्या ओढीखालीही साधारण दहाच्या आसपास टिकते. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठवर कोसळत असेल, तर तिच्या प्लेटा थकलेल्या आहेत आणि ती बदलणे योग्य आहे. याउलट सेल्फचे बटण दाबल्यावर नुसते टकटक ऐकू येते, पण मीटर १२.३ वरून हलतही नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देऊ नये. रिले, सेल्फची जाड केबल किंवा सेल्फची मोटर यांपैकी कुठेतरी बिघाड आहे. या एका लक्षणावरून चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्याचे मी पाहिले आहे.

तिसरी मोजणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते. गाडी सुरू करून, हेडलाइट लावून, इंजिन साडेचार ते पाच हजार आरपीएमपर्यंत रेस करावे आणि बॅटरीच्या टर्मिनलांवरच व्होल्टेज पाहावे. ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवे. पंधराच्या वर जात असेल तर आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट, म्हणजे इंजिनावर तयार झालेल्या एसी विजेची डीसी करून तिचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, ज्याला आपल्याकडे सरसकट रेक्टिफायर म्हणतात, ते व्होल्टेज आवरू शकत नाही. अशा गाडीवर बॅटरीतील पाणी उकळून निघून जाते, मेंटेनन्स फ्री बॅटरी फुगते आणि दिवेही वारंवार उडतात. तेराच्या वर जातच नसेल तर बॅटरी उपाशी राहते.

माझ्या गाडीवर हा आकडा १२.९ आला. आता आरआर युनिट बदलायचे असे मी गृहीत धरले, परंतु मिस्त्रींनी मीटरच्या पिना थेट आरआर युनिटच्या बाहेर पडणाऱ्या तारांवर टेकवल्या, तेव्हा तेथे १४.२ व्होल्ट मिळाले. म्हणजे वीज पुरेशी तयार होत होती आणि बॅटरीपर्यंत येताना वाटेत १.३ व्होल्ट गळत होते. त्यांनी सीट आणि साइड पॅनेल काढून त्या तारांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, उघडला. आतल्या पितळी पिनांवर हिरवट थर साचला होता आणि प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी पडले होते. फ्रेमला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरला होता. पुरानंतर इंजिनाची सगळी काळजी घेतली गेली, मात्र हे कपलर कोणीच उघडले नव्हते. खराब सांध्यातून तीन-चार अँपिअरचा प्रवाह गेला की तो सांधा तापतो, तापल्याने आणखी खराब होतो, आणि हे इतके सावकाश घडते की चालवणाऱ्याला फक्त बॅटरी उतरल्याचेच कळते. पिना साफ करून, कपलरचा एक भाग बदलून, अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने उघडी करून बोल्ट पुन्हा आवळल्यावर तोच आकडा १४.१ झाला. संपूर्ण कामाला एका बॅटरीच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागला.

असा गळका सांधा घरीही शोधता येतो. इंजिन रेस केलेले असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावी. येथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंग खराब आहे. आरआर युनिटची पॉझिटिव्ह तार आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल यांच्या दरम्यानही अशीच मोजणी करावी. दोन्ही बाजू स्वच्छ असूनही चार्जिंग कमी असेल, तर आरआर युनिट किंवा मॅग्नेटची कॉइल, म्हणजे इंजिनात वीज तयार करणारी गुंडाळी, तपासावी लागते. थ्री-फेज कॉइल असलेल्या गाडीत तीन, बहुधा पिवळ्या, तारा निघतात. कपलर सुटा करून त्यांच्या प्रत्येक जोडीत एसी व्होल्टेज मोजले असता तिन्ही वेळा जवळपास सारखा आणि रेसबरोबर वाढणारा आकडा यावा, आणि इंजिन बंद असताना त्यांपैकी एकाही तारेचा बॉडीशी संपर्क दाखवू नये. हे काम जमत नसेल तर वायरिंगवाल्याकडूनच करून घ्यावे.

गाडी उभी असताना होणारी गळती

दुसरी बॅटरी जाण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते मला उशिरा उमगले. मी शाळेत शिकवतो; मे महिन्यात आम्ही आटपाडी तालुक्यातील गावी तीन आठवडे राहतो आणि त्या काळात मोटारसायकल सांगलीत झाकून ठेवलेली असते. जून २०२३ मध्ये परत आल्यावर बॅटरी पूर्ण मेलेली होती. हँडलवर मोबाइल चार्जिंगचे एक सॉकेट बसवून घेतले होते आणि बसवणाऱ्याने त्याची तार चावीतून न घेता थेट बॅटरीवर दिली होती. त्या सॉकेटमधील लहान दिवा आणि सर्किट मिळून २० मिलिअँपिअर सतत ओढत होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु ५ अँपिअर-अवरची (म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह साधारण एक तास पुरेल एवढ्या क्षमतेची) बॅटरी त्याने २५० तासांत, म्हणजे दहा-अकरा दिवसांत रिकामी होते. जीपीएस ट्रॅकर किंवा चोरीविरोधी अलार्म ५० मिलिअँपिअर घेत असेल, तर हीच बॅटरी चार दिवसांत संपते.

रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक स्फटिकांच्या रूपात बसते. मग ती चार्जरवर लावली तरी पुरेसा चार्ज धरत नाही. उन्हाळ्यात सांगलीचे तापमान चाळिशीला टेकते तेव्हा बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो, म्हणून मे महिन्यातील रिकामी बॅटरी जानेवारीतल्यापेक्षा लवकर दगावते.

ही गळती मोजण्यासाठी चावी बंद करून निगेटिव्ह टर्मिनलची तार काढावी, मीटर आधी १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून ती तार आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा, आणि आकडा अगदी लहान असल्याची खात्री झाल्यावरच मिलिअँपिअरच्या रेंजवर यावे. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नये आणि सेल्फ तर चुकूनही मारू नये, कारण त्या प्रवाहाने मीटर जळतो. साध्या कार्बुरेटरच्या गाडीत आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बुरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत कंट्रोल युनिट आणि घड्याळासाठी एक-दोन मिलिअँपिअर जाऊ शकतात. त्याहून बराच जास्त येत असेल तर नंतर बसवलेली उपकरणे एकेक करून सुटी करत जावे. माझ्या सॉकेटची तार आता चावीतून घेतलेली आहे.

वापराची सवयही येथे विचारात घेतली पाहिजे. गावभाग ते विश्रामबाग हे माझे अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे आणि त्यात सिग्नल व गर्दीत गाडी मंद रेसवर उभी राहण्याचा वेळ मोठा आहे. एक वेळ सेल्फ मारायला ५० अँपिअर तीन सेकंद लागले असे धरले, तर बॅटरीतून सुमारे ०.०४ अँपिअर-अवर जातात आणि एक अँपिअर निव्वळ चार्जिंग मिळाले तर अडीच मिनिटांत ते भरून निघतात. अडचण अशी आहे की मंद रेसवर, हेडलाइट आणि ब्रेकचा दिवा चालू असताना, अनेक गाड्यांत निव्वळ चार्जिंग शून्यावर येते किंवा उलट बॅटरीतूनच वीज जाते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू असतो, त्यामुळे ज्यांच्या गाडीवर जादा फॉग लाइट आहेत त्यांनी हा हिशेब अवश्य करावा. वीस-वीस वॉटचे दोन दिवे सव्वातीन अँपिअर खातात.

नवी बॅटरी निवडताना

वरची कारणे दूर झाल्यावर दुकानात जावे. जाताना जुनी बॅटरी सोबत न्यावी, किंवा निदान तिच्यावरील पूर्ण क्रमांक, लांबी-रुंदी-उंची आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेतील नोंद लिहून न्यावी. "१५० सीसीची द्या" एवढे सांगणे पुरेसे नाही, कारण एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या क्षमतेच्या बॅटऱ्या आलेल्या असतात. सेल्फ असलेल्या स्प्लेंडरला ३ अँपिअर-अवर पुरते, रॉयल एनफील्डच्या जुन्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनच्या सेल्फवाल्या क्लासिक ३५० ला १४ लागते, आणि मधल्या गाड्या या दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी येतात.

क्रमांक वाचायला शिकणे उपयोगाचे आहे. १२एन९-४बी यातील १२ म्हणजे व्होल्ट, ९ म्हणजे अँपिअर-अवर आणि शेवटचा भाग टर्मिनलांची व बाहेर जाणाऱ्या नळीची मांडणी सांगतो. वायटीएक्स५एल-बीएस या पद्धतीच्या क्रमांकात मात्र ५ हा आकडा थेट क्षमता नसतो. ही बॅटरी ४ अँपिअर-अवरची असते आणि वायटीएक्स४एल ही ३ ची. त्यातील एल म्हणजे टर्मिनले आपल्याकडे करून धरली असता पॉझिटिव्ह उजव्या हाताला येते. ही बाजू चुकली तर तारा ताणून जोडाव्या लागतात, पॉझिटिव्हची तार फ्रेमला घासू लागते, आणि घाईत उलटी जोडली गेली तर आरआर युनिट त्याच क्षणी जळू शकते.

माझ्या दुसऱ्या बॅटरीची गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. गाडीला ९ अँपिअर-अवरची बॅटरी लागते. दुकानात ती शिल्लक नव्हती, तेव्हा दुकानदाराने ५ ची बॅटरी काढली, "सेल्फ मारतो की, चालतंय" असे सांगितले आणि उरलेल्या जागेत थर्मोकोलचा तुकडा दाबून बसवून दिली. सेल्फ खरोखरच लागला. परंतु लहान बॅटरीला सेल्फचा भार तुलनेने अधिक पडतो, ती लवकर रिकामी होते, आणि थर्मोकोल दबल्यावर खड्ड्यांतून जाताना ती डब्यात आदळत राहते, ज्याने प्लेटांवरील मसाला गळतो. क्षमता कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. डब्यात व्यवस्थित बसत असेल आणि टर्मिनले जुळत असतील तर थोडी जास्त चालते, मात्र चार्जिंगच कमी असेल तर मोठी बॅटरी त्यावरचा उपाय ठरत नाही.

पाणी घालायची बॅटरी घ्यावी की मेंटेनन्स फ्री, यावर माझे मत गाडी कोण सांभाळते त्यावर अवलंबून आहे. पाण्याची बॅटरी स्वस्त पडते, परंतु मार्च ते मे दर महिन्याला पातळी पाहून खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. आरओचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी घालू नये आणि पातळी उतरली म्हणून ॲसिड तर कधीच ओतू नये, कारण उडून गेलेले असते ते पाणी, ॲसिड आतच राहते. तिची नळी साखळीपासून आणि सायलेन्सरपासून दूर, खाली मोकळी सोडलेली असावी. एवढे लक्ष ठेवणे होणार नसेल तर मेंटेनन्स फ्री घ्यावी; फक्त तिला जास्त व्होल्टेज सोसत नाही, म्हणून आधी सांगितलेली १४.५ ची मर्यादा तिच्यासाठी अधिक कसोशीने पाळली गेली पाहिजे. तिच्या वरची पट्टी एकदा बसवल्यावर उघडू नये. लिथियमच्या बॅटऱ्या वजनाने हलक्या असतात, परंतु रोजच्या गाडीला त्यांची गरज मला दिसत नाही.

दुकानात भरून ठेवलेली बॅटरी असेल तर तिच्यावरील निर्मितीचा महिना पाहावा आणि समोरच मीटर लावायला सांगावा. १२.५ च्या खाली असलेली बॅटरी घेऊ नये, कारण ती बराच काळ चार्ज न होता फळीवर उभी राहिली आहे. ॲसिडची बाटली वेगळी येणारी कोरडी बॅटरी असेल तर हा प्रश्न कमी, पण तेथे दुसरी काळजी घ्यावी लागते. ॲसिड भरल्यावर अर्धा तास थांबून क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ९ अँपिअर-अवरला ०.९ अँपिअरने, पाच ते दहा तास पहिले चार्जिंग करावे लागते. पुरानंतर घेतलेली माझी पहिली बॅटरी दहा मिनिटांत ॲसिड भरून, "गाडीवर होईल चार्ज" असे म्हणून बसवली गेली होती. त्या दिवसांत दुकानासमोर रांग होती आणि घाई समजण्यासारखी होती, पण अपुऱ्या भरलेल्या बॅटरीने सुरुवात झाली की तिची पूर्ण क्षमता नंतर सहसा मिळत नाही. "आज भरून चार्जला लावा, उद्या न्यायला येतो" असे स्पष्ट सांगावे आणि एक दिवस किक मारून भागवावे. ज्यांच्या गाडीला किकच नाही त्यांना त्या दिवशी बस किंवा रिक्षा करावी लागेल. तरीही थांबणे बरे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत, आणि बॅटरी पूर्ण मेली तर पेट्रोलचा पंपच चालत नसल्याने त्या ढकलूनही सुरू होतील याची खात्री नसते. मला जुन्या गाडीच्या किकमुळे महिनोन्महिने दुर्लक्ष करता आले, तशी मुभा त्यांना नाही.

वॉरंटी कार्डावर बॅटरीचा अनुक्रमांक, तारीख आणि शिक्का दुकानातच घालून घ्यावा. कार्डावर ४८ महिने लिहिलेले असले तरी त्यातील किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने फक्त सवलत मिळते, हे वेगळे लिहिलेले असते, ते वाचावे. वॉरंटीत नेलेली बॅटरी केवळ उतरलेली आढळली तर ती चार्ज करून परत दिली जाते, बदलून मिळत नाही. जुनी बॅटरी दुकानातच जमा करून तिची वजावट घ्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराकडे पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आतले ॲसिड गटारात ओतून शिसे काढून घेणाऱ्याच्या हाती ती गेली तर ते सगळे शेवटी कृष्णेलाच मिळते.

बसवताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी जोडावे. काढताना निगेटिव्ह आधी. बोल्ट घट्ट आवळून टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. बॅटरी काढून इंजिन चालू ठेवून पाहण्याचा प्रयोग काही ठिकाणी अजूनही केला जातो, तो करू देऊ नये. त्याने आरआर युनिट आणि इंजेक्शनच्या गाडीचे कंट्रोल युनिट धोक्यात येते.

बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा महिन्याने तिन्ही मोजण्या कराव्यात. माझ्या सीटखाली एका कागदावर या नोंदी चिकटवलेल्या आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात बसवलेल्या ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीची पहिली नोंद १२.७, सेल्फला १०.४, चार्जिंग १४.१ अशी आहे, आणि दोन वर्षांनंतरची नोंद १२.६, १०.१, १४.१.